यीस्ट म्हणजे काय? पाव फुगवणाऱ्या बुरशीतून पेशीचं रहस्य कसं उलगडलं? संपूर्ण माहिती मराठीत



काही महिन्यांपूर्वी माझ्या मावसबहिणीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका औषधाच्या डब्याचा फोटो पाठवला. खाली मेसेज होता, "दादा, आईला हे सुरू केलंय. हे नेमकं काय करतं रे?" मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे. डब्यावर नाव होतं पालबोसायक्लिब. मी फोनसाठी अ‍ॅप्स आणि सेटिंग्ज समजावून सांगणारा माणूस, औषधातलं मला काय कळणार? पण बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलेलं होतं, म्हणून म्हटलं शोधून सांगतो.

शोधत शोधत मी मागे मागे गेलो आणि शेवटी पोहोचलो कुठे, तर यीस्टपाशी. तेच यीस्ट, जे आपण पाव आणि पिझ्झा बेस फुगवायला वापरतो. कॉलेजात ज्याच्या स्लाईड्स मी कंटाळत कंटाळत बनवल्या होत्या, त्या बुरशीने पेशी कशी विभागते हे जगाला शिकवलं होतं. आणि पेशी विभागण्याचं गणित बिघडणं म्हणजेच कॅन्सर.

म्हणून आज नेहमीपेक्षा थोडा वेगळा विषय घेतोय. या लेखात आपण पाहणार आहोत:

• यीस्ट आणि मॉडेल ऑर्गॅनिझम म्हणजे काय
• शास्त्रज्ञ यीस्टच का निवडतात
• लॅबमध्ये यीस्टवर काम कसं चालतं
• नोबेल मिळवून देणारे शोध
• औषधं आणि लसींशी असलेला संबंध
• यीस्टच्या मर्यादा
• घरी करून पाहण्यासारखा प्रयोग

चला तर मग, सुरुवात करूया.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. मराठीत तिला किण्व म्हणतात. एक पेशी म्हणजेच एक पूर्ण जीव. या पेशीचा आकार साधारण ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये शंभर-दोनशे पेशी ओळीने बसतील.

यीस्टच्या शेकडो जाती आहेत, पण संशोधनात दोन सर्वात जास्त वापरल्या जातात.

१) सॅकरोमायसिस सेरेव्हिसी: ही आपली पावाची यीस्ट. नावाचा अर्थ ढोबळमानाने "बिअरमधली साखर-बुरशी". हिच्या पेशीला बाजूने एक छोटी कळी फुटते, ती वाढते आणि सुटी होते. शाळेत दहावीला आपण कलिकायन शिकलो ना, तेच हे.

२) शायझोसॅकरोमायसिस पोंबे: ही लांबट, कॅप्सूलसारखी दिसते आणि बरोबर मध्ये दुभंगते. १८९३ मध्ये पॉल लिंडनर यांनी ती पूर्व आफ्रिकेतल्या भरड धान्याच्या बिअरमधून वेगळी केली. स्वाहिली भाषेत पोंबे म्हणजे बिअर, म्हणून हे नाव.

दिसायला दोघी यीस्टच, पण एकमेकींपासून फार जुन्या काळी फुटलेल्या शाखा आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मॉडेल ऑर्गॅनिझम म्हणजे काय?

सोपं उदाहरण देतो. आपल्यापैकी अनेकांकडे एक जुना फोन पडलेला असतो. नवीन बीटा अपडेट किंवा कस्टम रॉम टाकून बघायची असेल तर आपण ती आधी त्या जुन्या फोनवर टाकतो. बिघडला तरी चालतं. पण जे शिकतो ते मुख्य फोनलाही लागू पडतं, कारण दोघांतही आतून अँड्रॉइडच असतं.

मॉडेल ऑर्गॅनिझम म्हणजे जीवशास्त्राचा तो जुना फोन. माणसावर थेट प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत. म्हणून फळमाशी, उंदीर, झेब्राफिश, सी. एलिगन्स नावाचा सूक्ष्म कृमी आणि यीस्ट अशा जीवांवर मूलभूत प्रश्नांची उत्तरं शोधली जातात.

यात एक अट आहे. जुना फोन अँड्रॉइडचा असला पाहिजे, साधा बटणांचा फोन चालणार नाही. जीवाणू हे त्या बटणांच्या फोनसारखे. ते आदिकेंद्रकी असतात, त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं. यीस्ट मात्र आपल्यासारखीच दृश्यकेंद्रकी आहे. तिच्या पेशीत केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, आंतर्द्रव्यजालिका आहे, गॉल्गी आहे. आकार लहान, पण ऑपरेटिंग सिस्टिम आपलीच.

शास्त्रज्ञ यीस्टच का निवडतात?

१) वेग: चांगलं खाद्य आणि ३० अंश सेल्सिअस तापमान मिळालं की पावाची यीस्ट साधारण ९० मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे एका पेशीच्या १५ तासांत हजारच्या वर आणि ३० तासांत दहा लाखांच्या वर पेशी होऊ शकतात. लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशीला एकदाच विभागायला साधारण एक दिवस लागतो.

२) खर्च कमी: खाद्य काय, तर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन आणि ग्लुकोज. ना पिंजरे, ना महागडं सिरम.

३) एक प्रत की दोन, हे ठरवता येतं: आपल्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते, त्यामुळे बिघाड लपून राहतो. यीस्ट एकाच प्रतीवरही मजेत जगते. जनुक बिघडलं की परिणाम लगेच समोर.

४) जनुकं बदलणं सोपं: यीस्टला बाहेरून डीएनएचा तुकडा दिला आणि त्याची दोन्ही टोकं तिच्या जनुकाशी जुळणारी ठेवली, की ती स्वतःच तो तुकडा बरोबर त्या जागी बसवून घेते. क्रिस्पर येण्याच्या कितीतरी आधीपासून यीस्टच्या लॅबमध्ये हे "कट-पेस्ट" रोज चालायचं.

५) बॅकअप: ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलेली यीस्ट वर्षानुवर्षं टिकते. प्रयोग फसला तर जुना बॅकअप रिस्टोर करा!

६) पूर्ण नकाशा हातात: १९९६ मध्ये पावाच्या यीस्टचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. दृश्यकेंद्रकी जीवांमध्ये हा मान मिळवणारी ती पहिली. १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं आणि साधारण ६००० जनुकं.

गंमत म्हणजे ज्या वाणाचा जीनोम वाचला गेला, त्याच्या वंशावळीतला बराच मोठा भाग १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेड इथे एका सडक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टपर्यंत जातो.

लॅबमध्ये काम कसं चालतं?

समजा मला शोधायचंय की पेशी विभागायला कोणती जनुकं लागतात. सरळ उपाय म्हणजे एकेक जनुक काढून टाकायचं आणि काय बंद पडतं ते बघायचं. पण इथे घोळ आहे. विभाजनासाठी अत्यावश्यक जनुक काढलं तर ती पेशी वाढणारच नाही. मग अभ्यास कशाचा करणार? फोनमधली महत्त्वाची सिस्टिम फाईल उडवली की फोन सुरूच होत नाही, तसंच.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. उन्हाळ्यात गाडीवर मॅप लावून फिरताना फोन तापतो आणि कॅमेरा बंद पडतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. फोन थंड झाला की कॅमेरा परत चालू. यीस्टमध्ये असेच "तापलं की बंद पडणारे" म्युटंट शोधता येतात. त्यांना तापमान-संवेदनशील म्युटंट म्हणतात. पद्धत अशी:

पायरी १: यीस्टवर डीएनए बिघडवणारं रसायन वापरायचं, म्हणजे वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळी जनुकं थोडी थोडी बिघडतात.

पायरी २: या पेशी प्लेटवर पसरून २३-२५ अंशांना वाढवायच्या. दोनेक दिवसांत प्रत्येक पेशीपासून एक ठिपका, म्हणजे वसाहत तयार होते.

पायरी ३: मखमलीच्या कापडाचा शिक्का वापरून त्या प्लेटची हुबेहूब कॉपी दुसऱ्या प्लेटवर उमटवायची आणि ती ३६-३७ अंशांना ठेवायची.

पायरी ४: थंड प्लेटवर वाढलेला पण गरम प्लेटवर न वाढलेला ठिपका शोधायचा. याच्यात एखादं अत्यावश्यक जनुक असं बिघडलंय की त्याचं प्रथिन उष्णतेत काम सोडतं.

पायरी ५: तो म्युटंट थंडीत हवा तेवढा वाढवायचा, मग तापमान वाढवून मायक्रोस्कोपखाली बघायचं की गाडी नेमकी कुठे अडली.

पायरी ६: त्या पेशींत चांगल्या जनुकांचे तुकडे टाकून बघायचे. ज्या तुकड्याने पेशी पुन्हा चालू झाली, तेच ते बिघडलेलं जनुक.

ही सहावी पायरी लक्षात ठेवा. माझ्या मावशीच्या गोळीची गोष्ट इथूनच जाते.

यीस्टने दिलेले मोठे शोध

१) पेशीचक्राचं घड्याळ: लेलंड हार्टवेल

अमेरिकेत लेलंड हार्टवेल यांनी १९६० च्या दशकात यीस्टवर काम सुरू केलं. त्यांच्याकडे तापमान-संवेदनशील म्युटंट जमले होते, पण पेशी चक्रात कुठे अडकली हे ओळखायचं कसं? त्यांच्या लॅबमध्ये ब्रायन रीड नावाचा पदवीचा विद्यार्थी यीस्टचे ठराविक वेळाने फोटो घेत होता, म्हणजे आजच्या भाषेत टाइमलॅप्स. त्या फोटोंमधून लक्षात आलं की कळीचा आकार हेच घड्याळ आहे. कळी नाही म्हणजे सुरुवात, छोटी कळी म्हणजे मधला टप्पा, मोठी कळी म्हणजे विभाजन जवळ आलं.

मग काम सोपं झालं. म्युटंट गरम करायचा आणि सगळ्या पेशी एकाच आकाराच्या कळीवर थांबल्या का ते बघायचं. तसं दिसलं तर ते जनुक पेशीचक्राचं. अशी शंभरावर जनुकं हार्टवेल यांनी ओळखली, त्यांना सीडीसी जनुकं म्हणतात. त्यातलं सीडीसी-२८ चक्राचा "स्टार्ट" ठरवतं. पुढे टेड वाइनर्ट यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की डीएनए तुटलेला असेल तर पेशी स्वतःहून थांबते, दुरुस्ती करते आणि मगच पुढे जाते. याला चेकपॉइंट म्हणतात. बॅटरी कमी असताना फोन "आधी चार्ज करा, मग अपडेट होईल" म्हणतो ना, तसंच. कॅन्सरच्या पेशींत हे चेकपॉइंट बहुतेक वेळा बिघडलेले असतात.

२) कचऱ्यातून परत आणलेली प्लेट: पॉल नर्स

पॉल नर्स एडिंबरामध्ये पोंबे यीस्टवर काम करत होते. त्यांना असे म्युटंट मिळाले जे पुरेसे वाढायच्या आधीच विभागतात, म्हणून आकाराने छोटे राहतात. स्कॉटलंडमध्ये छोट्याला "वी" म्हणतात, म्हणून नाव पडलं वी म्युटंट.

विचार करा. एखादं जनुक बिघडल्यामुळे विभाजन थांबलं तर त्यात विशेष नाही, कोणताही सुटा भाग मोडला तरी गाडी थांबतेच. पण बदलामुळे विभाजन लवकर होत असेल तर ते जनुक वेग ठरवणारं असलं पाहिजे, म्हणजे ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर.

नर्स यांनी जवळपास पन्नास वी म्युटंट जमवले आणि एकामागून एक सगळे एकाच जनुकातले निघाले. शेवटच्या एका प्लेटवर दुसऱ्या बुरशीचा प्रादुर्भाव झाला होता. वैतागून त्यांनी ती फेकून दिली आणि घरी गेले. मग मन खाऊ लागलं, म्हणून पावसात सायकलवरून परत लॅबमध्ये आले आणि कचऱ्यातून ती प्लेट काढली. तोच म्युटंट वेगळा निघाला! तो सीडीसी-२ नावाच्या जनुकातला होता. हे जनुक बिघडलं तर विभाजन थांबतं आणि त्यात एक विशिष्ट बदल झाला तर विभाजन लवकर होतं. म्हणजे हाच तो अ‍ॅक्सिलरेटर. आणि हार्टवेल यांच्या सीडीसी-२८ चं पोंबेमधलं रूपही हेच निघालं. इतक्या दूरच्या दोन यीस्टमध्ये एकच मुख्य बटण!

आता प्रश्न असा की माणसातही तेच असेल का? १९८७ मध्ये मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी उत्तर दिलं. त्यांनी सीडीसी-२ बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाच्या जनुकांच्या तुकड्यांचा अख्खा संग्रह टाकला. म्हणजे वरची सहावी पायरी, फक्त जनुकं माणसाची. बहुतेक पेशी तशाच अडकून राहिल्या. पण काही विभागू लागल्या! त्यांना माणसाचं जनुक मिळालं होतं आणि ते यीस्टमध्ये चालत होतं.

यीस्ट आणि माणूस यांचा समान पूर्वज शंभर कोटी वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही जुना. एवढ्या काळानंतरही स्पेअर पार्ट बसतो. मी हे वाचलं तेव्हा खरंच थोडा वेळ फोन खाली ठेवून बसलो होतो.

दरम्यान टिम हंट यांनी सागरी अर्चिनच्या अंड्यांत सायक्लिन नावाची प्रथिनं शोधली होती. ती प्रत्येक विभाजनाच्या आधी साठतात आणि मग नष्ट होतात. सीडीसी-२ चं प्रथिन सायक्लिनसोबत जोडी करूनच काम करतं, म्हणून या कुटुंबाला सायक्लिन-अवलंबी कायनेझ किंवा सीडीके म्हणतात. २००१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हार्टवेल, नर्स आणि हंट या तिघांना मिळालं.

३) पेशीची कुरिअर सेवा: रँडी शेकमन

पेशी प्रथिनं बनवते आणि ती छोट्या पिशव्यांत भरून योग्य पत्त्यावर पाठवते. रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी ज्यांची ही कुरिअर सेवा बंद पडलीय असे यीस्ट म्युटंट शोधले. ओळखायची खूणही भारी होती. पार्सल बाहेर जात नाही म्हणून पेशी आतून गच्च भरते, जड होते आणि खाली बसते. १९८० पर्यंत त्यांनी अशी २३ जनुकं दाखवली. शेकमन यांना २०१३ चं नोबेल जेम्स रोथमन आणि थॉमस स्युडहॉफ यांच्यासोबत विभागून मिळालं.

४) पेशीची साफसफाई: योशिनोरी ओसुमी

उपाशी राहिलेली पेशी स्वतःचे जुने भाग मोडून त्यातून कच्चा माल मिळवते. याला ऑटोफॅजी म्हणतात. हे काम यीस्टमध्ये रिक्तिकेत होतं. पण तिथे भाग इतक्या पटकन विरघळतात की काही दिसत नाही. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी विरघळवणारी एन्झाइम्सच नसलेली यीस्ट घेतली आणि तिला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका छोट्या छोट्या गोळ्यांनी भरून गेली, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसेल इतकी. त्यावरून १९९३ मध्ये त्यांच्या गटाने या कामाला लागणारी १५ जनुकं शोधली. २०१६ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

मग माझ्या मावशीच्या गोळीचं काय?

आता डब्याच्या फोटोकडे परत येऊ. माणसात सीडीके एक नाही, अनेक आहेत. त्यातली सीडीके-४ आणि सीडीके-६ ही जोडी पेशीला "चल, आता विभागायची तयारी कर" असा सिग्नल देते. ब्रेस्ट कॅन्सरच्या एका प्रकारात, ज्यात कॅन्सरच्या पेशी हार्मोनवर वाढतात, हा सिग्नल सतत चालू राहतो. पालबोसायक्लिब या जोडीला अडवतं. ते सहसा हार्मोन रोखणाऱ्या औषधासोबत दिलं जातं. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सीडीके-४ आणि ६ यीस्टमध्ये नाहीत. ती माणसाच्या आणि इतर प्राण्यांच्या पेशींवर काम करून सापडली आणि औषध बनवायला रसायनशास्त्रज्ञांना, डॉक्टरांना पुढे बरीच वर्षं घालवावी लागली. त्यामुळे "यीस्टने कॅन्सरचं औषध शोधलं" असा फॉरवर्ड कुणी पाठवला तर तो अर्धवट आहे. पण पेशी विभागायला एक मुख्य बटण असतं, ते सीडीके कुटुंबाचं असतं आणि यीस्टपासून माणसापर्यंत सारखंच असतं, हे कळलं नसतं तर नेमकं कुठे शोधायचं हेच कळलं नसतं.

मी बहिणीला लिहिलं, "ही गोळी पेशीला विभागायचा सिग्नल मिळू देत नाही. बाकी डोस आणि तपासण्यांचं डॉक्टर सांगतील तसंच करा." तिने विचारलं, "हे कळलं कसं?" मी म्हटलं, "पावाच्या यीस्टवरून." तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

यीस्ट आज कुठे वापरली जाते?

बारकोड लावलेली यीस्ट: शास्त्रज्ञांनी यीस्टचं जवळपास प्रत्येक जनुक एकेक करून काढून हजारो वाण बनवले आणि प्रत्येकात डीएनएच्या २० अक्षरांचा वेगळा बारकोड घातला. २००२ मध्ये हा संग्रह जवळपास पूर्ण झाला. सगळे वाण एकाच बाटलीत मिसळायचे, एखादं औषध टाकायचं आणि नंतर बारकोड वाचायचे. जो वाण कमी झाला, त्याच्या हरवलेल्या जनुकाचा त्या औषधाशी संबंध. याच कामातून कळलं की यीस्टच्या साधारण एक पंचमांश जनुकांशिवाय ती चांगल्या खाद्यावरही जगू शकत नाही.

माणसाचे पार्ट बसवलेली यीस्ट: २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका गटाने यीस्टची ४१४ अत्यावश्यक जनुकं घेऊन त्यांच्या जागी माणसाची तशीच जनुकं टाकून पाहिली. त्यातली जवळपास निम्मी चालली! अशा यीस्टमध्ये रुग्णात सापडलेलं म्युटेशन घालून ते घातक आहे की निरुपद्रवी, हे तपासता येतं.

मेंदूच्या आजारांचा अभ्यास: यीस्टला मेंदू नाही. तरी २००३ मध्ये टियागो आउटेरो आणि सुझन लिंडक्विस्ट यांनी पार्किन्सनशी संबंधित अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन यीस्टमध्ये टाकलं. ते जास्त झालं की त्याचे गोळे होतात आणि पेशीला त्रास होतो, हे त्यात दिसलं.

लसी आणि औषधं: हिपॅटायटिस-बी ची यीस्टमध्ये बनवलेली लस १९८६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. जनुक अभियांत्रिकीने बनलेली माणसासाठीची ती पहिली लस. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये दुसऱ्या एका जातीच्या यीस्टमधून ही लस आणली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटिस-बी लसही यीस्टमध्येच बनते. डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क यीस्टकडून इन्सुलिन बनवून घेते. शेकमन यांनी अभ्यासलेली ती कुरिअर सेवा आठवतेय? यीस्टने बनवलेलं इन्सुलिन त्याच वाटेने पेशीबाहेर येतं.

कृत्रिम जीनोम: यीस्टची सगळी गुणसूत्रं कॉम्प्युटरवर डिझाइन करून नव्याने बनवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला गेला. २०१४ मध्ये पहिलं पूर्ण कृत्रिम गुणसूत्र जाहीर झालं आणि २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त कृत्रिम जीनोम असलेली यीस्ट जिवंत वाढत असल्याचं जाहीर झालं.

यीस्टच्या मर्यादा

जुना फोन कितीही चांगला असला तरी त्यात नव्या फोनचा सेन्सर नसतो. तसंच इथेही.

• यीस्ट एकपेशीय आहे. ऊती, अवयव, रक्तप्रवाह, प्रतिकारशक्ती यांचा थेट अभ्यास तिच्यात होत नाही. ट्यूमर शरीरात कसा पसरतो हे यीस्ट सांगू शकत नाही.
• तिच्याभोवती जाड पेशीभित्तिका असते, त्यामुळे अनेक औषधं आत शिरतच नाहीत.
• आपल्या पेशीत विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण मोडतं, पावाच्या यीस्टमध्ये ते शाबूत राहतं.
• आपल्या बहुतेक जनुकांत मध्ये मध्ये कापून टाकायचे तुकडे, म्हणजे इंट्रॉन असतात. पावाच्या यीस्टच्या फार थोड्या जनुकांत ते आहेत.

म्हणून यीस्टमध्ये काही सापडलं की ते माणसाच्या पेशींत, मग प्राण्यांत आणि शेवटी क्लिनिकल ट्रायलमध्ये तपासावंच लागतं. "यीस्टवर उपयोगी ठरलं" आणि "रुग्णाला उपयोगी ठरलं" यात वर्षांचं अंतर असतं.

घरी करून पाहा: फोनवर यीस्टचा टाइमलॅप्स

साहित्य: किराणा दुकानातली ड्राय यीस्ट, साखर, ३ छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या, ३ फुगे.

१) तिन्ही बाटल्यांत प्रत्येकी एक चमचा यीस्ट टाका.
२) पहिलीत कोमट पाणी आणि दोन चमचे साखर. दुसरीत फक्त कोमट पाणी. तिसरीत साखर आणि उकळून थोडं निवू दिलेलं, पण चांगलंच गरम पाणी. ही बाटली मोठ्यांच्या मदतीने भरा.
३) प्रत्येकीच्या तोंडावर फुगा चढवा. झाकण घट्ट लावू नका, आत गॅसचा दाब वाढतो.
४) फोन स्टँडवर लावून टाइमलॅप्स चालू करा आणि ४५ मिनिटं थांबा.

पहिला फुगा फुगेल, कारण यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. दुसरा फारसा हलणार नाही, कारण खाद्य नाही. तिसरा तसाच राहील, कारण जास्त उष्णतेने यीस्ट मेली. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हीच ती हार्टवेल आणि नर्स यांची पद्धत.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: इडलीचं पीठ यीस्टमुळे फुगतं का?
उत्तर: मुख्य काम जीवाणूंचं असतं, यीस्टही काही प्रमाणात असते. गोव्याचे पोदेर मात्र पूर्वी पावासाठी माडाची सूर वापरायचे, तिच्यात नैसर्गिक यीस्ट असते.

प्रश्न: यीस्ट इन्फेक्शन याच यीस्टमुळे होतं का?
उत्तर: नाही. ते बहुतेक वेळा कँडिडा या वेगळ्या यीस्टमुळे होतं.

प्रश्न: जास्त पाव खाल्ल्याने कॅन्सर होतो किंवा बरा होतो का?
उत्तर: या लेखाचा आणि त्याचा काही संबंध नाही. पाव भाजतानाच यीस्ट मरते. यीस्ट इथे फक्त अभ्यासाचं साधन आहे.

प्रश्न: महाराष्ट्रात संशोधनासाठी यीस्टचे वाण कुठे जपले जातात?
उत्तर: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे जीवाणू आणि बुरशींसोबत यीस्टचेही वाण आहेत.

शेवटी थोडंसं

"बुरशीवर कसला अभ्यास करताय, कॅन्सरवर करा की!" असं म्हणणारे खूप भेटतात. कॉलेजात मीही तेच म्हणायचो. हार्टवेल आणि नर्स यांनी प्रश्न विचारला होता की एक पेशी दोन कशी होते. त्याचं उत्तर पुढे कुणाच्या तरी मावशीच्या गोळीपर्यंत पोहोचेल, हे त्या पावसात सायकल मारणाऱ्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

मावशीचे उपचार चालू आहेत. परवा तिचा फोन आला होता, मी हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं घरी पाव करत होते, ते वाया गेलं नाही म्हणायचं!"

तुम्ही फुग्याचा प्रयोग केलात तर टाइमलॅप्स नक्की जपून ठेवा. माहिती आवडली असेल तर मित्रांना पाठवा, विशेषतः बारावी सायन्सवाल्यांना. भेटूया पुढच्या लेखात.